उसवलेलं तोरण

आमचं मूळ तंजावरचं. मूळ मनजे काय, तिथं येऊन किती पिढ्या झाल्या ते घरात कुणालाच सांगता यायचं नाही, देशातनं, मनजे महाराष्ट्रातनं, आलो एवढं ठाऊक, देश पाहिलेला कुणी नाही. माझं नाव अंबूबाई. घरात मराठी, भायर तमिळ आणि राग आला की दोन्ही, अशी आमची भाषा, तुमी हसू नका, जशी येते तशीच लिहा.

लग्न होऊन मद्रासला आले, तिरुवल्लीकेणीत, देवळाच्या तळ्याकडं जाणारी गल्ली आहे ना, तिथं. घरात सासू, हे आणि मी, मग सरोजा झाली. सासूला आमी अत्याबाई मनायचो. मणीकाम मी त्यांच्याकडनंच शिकले. मोहरीहून बारीक काचेचे मणी, ते सुईनं ओवून तोरणं करायची, राघू, हत्ती, सोंगट्यांचा पट, कोलुत, मनजे नवरात्रात घरोघर बाहुल्या मांडतात त्यात, मांडायला लोक घ्यायचे. करून करून अत्याबाईंचे डोळे गेले. मी आले तेव्हा त्यांना उजेड तेवढा कळायचा, पुढं तोही नाही. तरी शिकवायच्या. मी ओवायची, त्या बोट फिरवून सांगायच्या, इथं एक जास्ती घातलास, उसव.

गिंडीला नवे कारखाने निघाले तेव्हा ह्यांना एका ठिकाणी कारकुनी मिळाली. बरं चाललं होतं. मग खोकला लागला, रक्त पडलं, डॉक्टर क्षय मनाले. इस्पितळात ठेवलं, पगार थांबला. काय सांगू तुमाला, तोवर मणीकाम मनजे हौस, त्या दिवसापासनं ते पोट झालं.

गल्लीतल्या अस्क्या, होत्या तेवढ्या सगळ्या बायका एकाच व्यापाऱ्याचं, चेट्टियारचं काम करायच्या. मणी तो द्यायचा, माल तो न्यायचा, भाव तोच ठरवायचा. एकदा माझा राघू हातात घेऊन मनाला, वाकडा झालाय, ठेवून जा, फेकून देतो. पैसा एक दिला नाही. थोड्या दिवसांनी मी आणि शेजारची धनम दुकानावरनं जातो तर राघू काचेच्या कपाटात बसलेला. धनम तोंडाची फटकळ, रस्त्यावरनंच ओरडली, काय हो, फेकलेला राघू उडून वर जाऊन बसला का? तो हसला. मी तशीच घरी आले. सांगून काय, दुसऱ्या दिवशी मणी आणायला त्याच्याकडंच जायचं.

अशात अड्यारहून एक बाई आल्या. तिकडं त्यांनी बायकांच्या हातच्या कामाचं एक लहानसं केंद्र काढलं होतं. अम्मा मनायचे त्यांना. माझं काम पाहिलं आणि विचारलं, हे करायला तुला दिवस किती लागतात, आणि त्या दिवसांत तुझ्या घरी काय शिजतं? असं कधी कुणी विचारलेलं नव्हतं. मी बोटांवर दिवस मोजून दाखवले. मनाल्या, भाव तुमाला समोर बसवून ठरवू, तुमाला पटेल तोच. आणि एक मोठं तोरण मागितलं, वेली आणि राघू असलेलं, परदेशात प्रदर्शनाला जायचं, बोटीनं. तिकडं आवडलं तर अख्ख्या गल्लीला काम.

चेट्टियारला कळायला वेळ लागला नाही. मणी आणायला गेले तर मनाला, अड्यारला जा, तिथं झाडाला लागतात का बघ. तेव्हा भायरदेशचा माल यायचा बंद झालेला, बारीक मणी असले तर त्याच्याचकडं. वर त्यानं अस्क्यांना सांगितलं, अंबूकडं जी जाईल तिलाही मणी नाहीत. बायका माझ्या दारात आल्या, कुणी रडत, कुणी भांडत. तुझ्यापायी आमची चूल विझणार, मनाल्या. खोटं नव्हतं ते. धनम तेवढी राहिली, आणि तिच्याही घरात खाणारी तोंडं काय कमी होती?

मी अर्ध्यात अडकले. वेल झालेली, राघू नाहीत. हिरवे मणी कुठंच नाहीत, अम्मांनी मुंबईला लिहिलं, पण तिकडनं यायला वेळ. बोटीचा दिवस जवळ आला. ह्यांना दूध पाहिजे, फळ पाहिजे, मी इस्पितळात जायची ती नुसती तांदळाची कांजी घेऊन. सरोजाला ताप होता. समुद्रावर जाऊन बसावं आणि उठूच नये असं मनात यायचं, देवाशपथ सांगते.

घरात आतल्या दारावर अत्याबाईंचं तोरण होतं. त्यांनी नवरी असताना तंजावरात केलेलं. हिरवे राघूच राघू. अत्याबाई मनाल्या, ते काढ, उसव. मी नक्को मनाले. पुन्हा मनाल्या, मी पुन्हा नक्को मनाले, भांडलेही. दुपारी पाण्याला गेले, घागर घेऊन येते तर अत्याबाई जमिनीवर बसलेल्या, मांडीवर तोरण, हातात कात्री, आणि गाठ कापलेली. दोरा जुना, कुजलेला, एका ठिकाणी ओढला तर सगळीकडनं सुटला. मणी अंगणापर्यंत गेले. मी ओरडले, अत्याबाई, हे काय केलंत? त्या मनाल्या, रडायचं ते मग रड, आधी वेगी परात आण. मी, ओरड ऐकून आलेली धनम, तापातली सरोजा, तिघी गुडघ्यांवर बसून मणी वेचत होतो आणि त्या मधे बसून, आंधळ्या, पुढची गाठ चाचपत होत्या.

राघू झाले. तोरण बोटीच्या आधी अड्यारला पोचवलं. अम्मांनी ठरलेलं सगळं हातात ठेवलं, एक पैसा कमी केला नाही. मी तशीच फळं घेऊन इस्पितळात गेले. हे उशीला टेकून बसले होते. मनाले, कोलु आलं, दारावरचं आईचं तोरण पुसलंस का? पुसलं, मनाले मी. फळ काही खाल्लं नाही, उद्या खातो मनाले. तो उद्या आला नाही.

त्यानंतर अत्याबाई दोन-तीन वर्षं होत्या. आत जाताना हात वर करून दाराच्या चौकटीवर बोटं फिरवायच्या, तिथं नुसता खिळा. एकदाही काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परदेशात तोरण आवडलं मनतात. मणी अम्मांनी मुंबईहून मागवले, एकेक करत अस्क्या बायका केंद्रात आल्या, भांडलेल्यासुद्धा. आता भाव सांगताना नव्या पोरी अम्मांशीच वाद घालतात, अम्मा ऐकून घेतात. चांगलं झालं. मीही लोकांना तेच सांगते, चांगलं झालं. पण ज्याच्यासाठी केलं तो माणूस गेला, आणि जिनं दिलं तीही. चांगल्याचं मी एकटीनं काय करू?

माझेही डोळे आता धुरकट झालेत. सुई पोरी ओवून देतात. सरोजा टायपिंग शिकते, तिला मी मण्याला हात लावू देत नाही. तिचं बरं होवो, तुमचंही होवो, इतका वेळ बसून ऐकलंत. माझं काय, उजेड आहे तोवर बसायचं.