अप्पांचा गुडघा आणि बाकावरचं मतदान

(मुरुममधला एक दवाखाना. डॉक्टर प्रतीक्षा, महालिंगप्पा आणि त्यांची बायको शांताक्का.)

महालिंगप्पा : तसं न्हाय मॅडम. डॉक्टर तुमी, गुडघा दाबून बगितला तुमी, फोटू काढला तुमी. आन् काय करायचं ते मलाच इचारता?

प्रतीक्षा : ऑपरेशन किंवा व्यायाम आणि गोळ्या, दोन्ही चालेल अप्पा. गुडघा तुमचा आहे. म्हणून म्हटलं, बाहेर बसून जरा विचार करा.

शांताक्का : इचार कुठला? बाकावर मतदान घेतलं ह्यांनी.

प्रतीक्षा : मतदान?

शांताक्का : हात वर करून. खोकल्यावाला म्हणाला करा, दाढवाला म्हणाला करू नका. बाकावरच्या कडूबाईनं ऑपरेशनला मत दिलं. तिचे कान गेलेत.

प्रतीक्षा : मग प्रश्न ऐकू आला का त्यांना?

महालिंगप्पा : हात तर वर केला तिनं.

शांताक्का : माशी हाकलत होती ती.

महालिंगप्पा : तू गप. तिचं मत सोडलं तर सम्दं बरोबरीत अडकलंय मॅडम. तुमचं एक मत टाका, म्हंजी म्या सुटलो.

प्रतीक्षा : टाकते. आधी सांगा, या गुडघ्यानं तुम्हाला करायचं काय आहे?

शांताक्का : बाजारला चालत जायचंय. लिवा.

प्रतीक्षा : अक्का, त्यांना बोलू द्या.

शांताक्का : बोलत्यात व्हय ते? भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारणीला जाऊन सांगत्यात.

महालिंगप्पा : मॅडम, ऑपरेशन केल्यावर मांडी घालता यील का?

प्रतीक्षा : नाही. मांडी घालायची नाही, खुर्चीवरच बसायचं.

महालिंगप्पा : मंग नगं.

प्रतीक्षा : पूजेला बसता येणार नाही म्हणून?

महालिंगप्पा : पूजा खुर्चीवर बी चालतीय, स्वामींनी सांगितलंय. नात हाय, शिवांजली. माझ्या मांडीत बसल्याबिगार घास घेत न्हाय. खुर्चीवर घेतलं की घसरतीय.

शांताक्का : हे मला कधी बोलला न्हाईत.

महालिंगप्पा : तू कधी इचारलंस?

प्रतीक्षा : मग माझं मत, थांबू. ती आपल्या हातानं जेवायला लागली की पुन्हा बोलू. तोवर व्यायाम चुकवायचा नाही, आणि दुखणं वाढलं तर लगेच यायचं.

शांताक्का : आन् खालनं ह्यांना उठवायचं कुणी? सकाळ-संध्याकाळ काखेत हात घालून म्याच वडते. मला इचारलंय का कुणी?

प्रतीक्षा : आता विचारते, अक्का. जमेल तुम्हाला?

शांताक्का : नातीचं पोट भरू द्या आधी. मंग उठविते म्या ह्यांना.