पणजीची दोन लग्नं

दादा गेला आणि त्याची अर्धी राहिलेली वंशावळ मी हट्टानं हातात घेतली. तर पणजीचं लग्न धारच्या कागदात मार्गशीर्षात, देवासच्या कागदात वैशाखात. नवरा तोच!

देवासचा चुलतभाऊ म्हणाला, “भिया, पहिलं मोडलं असेल.” मी त्याची कॉलर धरली आणि तसाच बाईकवर बसवून धारला आत्याआजीकडे आणला.

ती म्हणाली, “मूर्खांनो, दोन्ही खरी. पणजोबांना देवासच्या फौजेतून सुट्टी मिळेना, म्हणून मुहूर्ताला त्यांची तलवार धाडली. पणजीनं तिलाच माळ घातली. वैशाखात सुट्टी मिळाली, मग देवासला पुन्हा लग्न लागलं.”

“पणजी काही बोलली नाही?”

“बोलायची ना! पहिला नवरा बरा होता म्हणे, भिंतीला टांगला की गप्प राहायचा.”

दादा हसून लोळला असता. त्याच्या वंशावळीत मी पणजीचे दोन्ही नवरे लिहून टाकले.