डाळिंबवाल्या माउलीची काजळी

(इटलीतल्या कालाब्रियाचा दक्षिण किनारा. कड्यावरचं लहानसं चॅपेल. मेना दारात थबकलेली. आत बादलीशेजारी तिचा धाकटा भाऊ कोझिमो. मागं माउलीची जुनी मूर्ती, काजळी घासून काढलेली.)

मेना : आणि घासलंस कशानं, तेही सांग.

कोझिमो : साबणानं. आणि बोटीचं बूड खरवडायचा ब्रश होता, त्यानं.

मेना : शी. बोटीच्या बुडाचा ब्रश, माउलीच्या तोंडाला.

कोझिमो : बघ तरी नीट. आजवर तिचं नाकसुद्धा दिसत नव्हतं.

मेना : बघितलं. सोललेल्या बटाट्यासारखी दिसतेय.

कोझिमो : अगं, खालच्या हॉटेलातले पाहुणे वर येतात. निळं पाणी बघतात, कड्यावरची पिवळी झुडपं बघतात, खूश होतात. आणि आत आले की नाक मुरडतात. म्हणतात, ग्रीकांच्या मूर्ती असल्या काळ्या नसतात.

मेना : दिवसभर तेल चोपडून कालवांसारखं वाळूत पडायचं, सिगारेटची थोटकं तिथंच खुपसायची, आणि वर येऊन आपल्या आईला काळी म्हणायचं. आणि तू ऐकलंस.

कोझिमो : आपली आई कसली? म्युझियमची बाई काय म्हणाली होती? ही ग्रीकांची पाताळातली राणी. मेरीशी हिचा काही संबंध नाही.

मेना : असेल पाताळातली. शेतात नांगराला लागून वर आली, हातात डाळिंब घेऊन. आपल्या बायांनी तिला घरची म्हटलं, मेरीचं नाव दिलं, दिवा लावला. फादर कालिस्तो प्रवचनात गातात ते विसरलास? ‘धूर नव्हे ही, गावानं विणलेली ओढणी.’ ऐकून तूच ढसाढसा रडला होतास.

कोझिमो : फादरांचा गळाच तसा. त्यांनी माशांचे भाव गाऊन सांगितले तरी मी रडेन.

मेना : रविवारी माझ्या नुन्त्सियाचं लग्न आहे.

कोझिमो : म्हणून तर घासलं. म्हटलं, भाचीच्या लग्नात माउली स्वच्छ दिसेल.

मेना : नवरी इथं येऊन काय करते, कोझिमो?

कोझिमो : (बादली बाजूला सरकवतो.)

मेना : बोल ना.

कोझिमो : माउलीच्या गालाची काजळी घेते. कानामागं लावते.

मेना : आईनं लावली, मी लावली, तुझ्या बायकोनं लावली. आता माझ्या पोरीला काय लावू? साबणाचा फेस?

कोझिमो : दिवा जवळ सरकवतो. रविवारपर्यंत थोडी धरेल.

मेना : तसली काजळी माझ्या तव्यालाही आहे. त्या गालावर गेलेल्या बायांच्या दिव्यांचा धूर होता रे.

कोझिमो : मेना, काळं निघाल्यावर खाली लाल दिसलं होतं.

मेना : कुठं?

कोझिमो : ओठांवर. डाळिंबाच्या दाण्यासारखं. मला वाटलं, मागाहून कुणीतरी रंग फासलाय. तेही घासून काढलं.

मेना : इतकी वर्षं धुरानं तिचे ओठ सांभाळले, आणि तू ब्रश फिरवलास. किळस येते मला तुझ्या हातांची.

कोझिमो : मलाही येतेय. मघापासून धुतोय, नखांतलं काळं जात नाही.

मेना : पुसलंस कशानं?

कोझिमो : जुन्या बनियनच्या फडक्यानं.

मेना : कुठं आहे ते?

कोझिमो : बोटीत टाकलं, इंजिनाशेजारी. डिझेलचा वास मारतोय त्याला.

मेना : घेऊन ये.

कोझिमो : घाण आहे गं ते, काजळीनं माखलंय.

मेना : घेऊन ये. धुऊ नकोस.