एका माणसाचं मशीन

नाही हो, बिघडलेलं मुळीच नाहीये, बघा ना, लावूनच दाखवते — हे बटण, हा काटा असा फिरवायचा, झालं, आला आवाज. फुकट म्हटलं की संशय येतोच, तुमची चूक नाही. मी स्वतः इमारतीच्या ग्रुपवर ‘चालू स्थितीतला एअर फ्रायर, नेणाऱ्याला फुकट’ असं वाचलं असतं तर आधी मनात आलं असतं की नक्की ह्यात उंदीर मेलाय. आत या ना, दारात कशाला. चपला राहू द्या. फक्त पाय सांभाळून टाका, ठोकळे आहेत, आमची बारकी घरभर पेरून ठेवते. दीड वर्षाची आहे. आत्ता नाहीये, बाबाबरोबर खाली बागेत गेलीये, येतीलच इतक्यात — म्हणूनच तुम्हाला म्हटलं, जमलं तर जरा लवकर या. नाही नाही, घाई कसली. बसा. पाणी देऊ?

विकत का नाही म्हणता? अहो, विकायचं म्हटलं की गुण सांगावे लागतात, आणि मला ते जमत नाही. मी पहिल्याच मिनिटाला दोष सांगून मोकळी होते. फुकट दिलं की कसं, मन साफ. मग आता ऐकूनच घ्या, नाहीतर घरी नेल्यावर म्हणाल, बाई गोड बोलली आणि गळ्यात बांधलं. आवाज तर ऐकताय — केस वाळवायचं यंत्र डब्यात कोंडल्यासारखा. बारकी झोपलेली असली की लावता येत नाही, आणि जागी असली की मला स्वयंपाक सुचत नाही, मग लावायचं कधी, हे कोणी खोक्यावर लिहीत नाही. दुसरं, जागा. ओट्याचा अर्धा भाग ह्याचा, जावयासारखं बसलेलं असतं. भिंतीला टेकवायचं नाही, पाठीमागून गरम वाफ सोडतं — ही बघा भिंत, पिवळी पडलीये की नाही? घरमालक बघेल तेव्हा बघेल. मिक्सर आणि हे एकदम लावलं की घर अंधारात. आणि पातळ पीठ चालत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. मी मोठ्या हौसेनं कांद्याच्या चकत्या पिठात बुडवून ठेवल्या, तर पीठ सगळं जाळीतून गळून खाली डबकं, आणि वर कांदा उघडाच, कुडकुडत बसल्यासारखा. पावाचा तुकडा ठेवला तर तो वाऱ्यानं उडाला आणि वरच्या तापल्या तारेला जाऊन चिकटला. खालचे शेजारी विचारायला आले होते, काय जळतंय म्हणून. चव? चव वाईट नाही म्हणणार मी. कुरकुरीत होतं. पण पुठ्ठाही कुरकुरीतच असतो की. माझी आई फोनवर म्हणाली, नुसता वारा खाऊन कुणाचं पोट भरलंय का गं आजवर? आईचं काय, तिला कशातच दम वाटत नाही, पण हे वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आणि धुणं. हे बघा, भांडं असं ओढायचं, जाळी अशी निघते — तेल नाही म्हणून घासायला सोपं, असं म्हणतात, पण ह्या भोकाभोकांत जे अडकतं ते काढायला मी शेवटी दात घासायचा जुना ब्रश ठेवलाय, तोही घेऊन जा हवं तर. नको? बरं. इथं बोट फिरवा. लागतोय का ओरखडा? घासणीनं पडला, वरचा काळा लेप निघाला. ह्या एवढ्याशा ओरखड्यावर मी अख्खी दुपार वाचत बसले होते. एक जण लिहितो, काही होत नाही, खुशाल वापरा. दुसरा लिहितो, विषाची परीक्षा कशाला घ्यायची. आणि मी दोघांचंही पटणारी बाई आहे. मग काय, कागद घालून त्यावर शिजवायला लागले, तर कागदानं वारा अडला आणि सगळं उकडल्यासारखं पांढरंफटक. मी संख्याशास्त्र शिकलेय हो, पदवी, वर आणखी पदवी. कोणत्या गोष्टीची शक्यता किती, ते मला बरोबर कळतं. म्हणूनच तर झोप लागत नाही.

पण हे सगळं चालवून घेता येतं, माणूस ह्याहून अवघड सासरं चालवून घेतो. खरी अडचण ही — ही टोपली. केवढी आहे बघा. एका माणसाचं मशीन आहे हे. एका घाण्यात एकाचंच होतं. पहिला घाणा बारकीचा, तो काढायचा, फुंकून फुंकून गार करायचा, तिला भरवायचा, तोवर दुसरा घाणा ह्याचा — नवऱ्याचा — तो आपली ताटली घेऊन खोलीत, लॅपटॉपपाशी, कारण माझं व्हायची वाट बघत थांबला तर त्याचं गार होणार, आणि गार झालं की ह्यातलं अगदीच वातड. मीच म्हणते त्याला, थांबू नकोस. मग तिसरा घाणा माझा, तो मी इथंच ओट्याशी उभ्यानं खाते, कधी कधी लावतच नाही, बारकीच्या ताटलीत उरलेलं असतंच. सासूबाई आल्या होत्या मध्ये, त्यांना पहिला घाणा वाढला, त्यांचं ताट संपलं तरी दुसरा आतच घुंईंई करतोय, आणि त्या आपल्या हात वाळवत बसल्यात. शेवटी म्हणाल्या, सूनबाई, हे जेवण आहे की हप्ते?

हसा, हसा. तुमच्याकडे किती माणसं? — एकट्याच? अगं बाई. म्हणजे मी एका माणसाचं म्हटलं ते वाईट अर्थानं नव्हे हो, तुमच्यासाठी तर हे उत्तमच आहे, अगदी तुमच्याच मापाचं — बघा, परत चुकलंच. माझी जीभ म्हणजे ना. खरं सांगू का, तुम्ही एकट्या राहता आणि एकट्या जेवता, ते निदान सरळ आहे. आमच्याकडे तिघं एका घरात राहून एकेकटी जेवतात, त्याला काय म्हणायचं? — सोडा. झाकण वगैरे काही नाही ह्याला, वायर तेवढी नीट गुंडाळा, मुडपायची नाही.

मी नाही आणलं, त्यानं आणलं. तसा तो पैसे उधळणारा नाही. पण बारकी रांगायला लागली आणि मला तेलाचं भय बसलं. कढई चढली की माझे डोळे जमिनीवर. एकदा ती सरपटत सरपटत आली आणि त्याच्या पायालाच बिलगली, ह्याच्या हातात झारा, समोर उकळतं तेल. काही झालं नाही हं, थेंबसुद्धा उडाला नाही, पण मी अशी किंचाळले की पोर रडली ती माझ्या आवाजानं. त्यानं गॅस बंद केला. आणि नंतर थोड्याच दिवसांत हे मशीन घेऊन दारात उभा. म्हणाला, आता तुझ्या जिवाला घोर नको. किती बरं वाटलं होतं मला, खोटं नाही सांगत. मैत्रिणींना फोटो पाठवले.

मग देतेय कशाला? तेच मी स्वतःला विचारते. असं बघा — आमच्याकडे रविवारी संध्याकाळी तळण असायचं. लग्न झाल्यापासून. कटलेट, बटाट्याच्या काचऱ्या, मासे मिळाले तर मासे. तळायचा तो, कापायचं-बुडवायचं माझ्याकडे. आणि तळणाची गंमत काय आहे, की ते सोडून जाता येत नाही. एकाला कढईशी उभं राहावंच लागतं, दुसऱ्याला त्याच्या हाताशी कच्चं पुरवावंच लागतं. आणि दोन माणसं एवढ्याशा जागेत तासभर उभी राहिली की काय करतील? बोलतील. त्याच्या साहेबाच्या नकला, माझ्या माहेरची कुरबुर, कोण कोणाला काय म्हणालं. मूल हवं की नको, हेसुद्धा आमचं कढईसमोरच ठरलं, अख्खा घाणा कोळसा झाला होता त्या दिवशी, आणि आम्ही तो खाल्ला. आता हे मशीन काय म्हणतं? टोपलीत टाका, काटा फिरवा आणि जा. मग काय, गेलो. तो तिकडे गेला, मी इकडे गेले. ह्याला कोणाचीच गरज लागत नाही हो. शेजारी उभं राहायची सुद्धा.

त्याला? — नाही, त्याला माहीत नाही. अहो कळतंय मला, विचारायला हवं होतं. पण विचारलं तर काय म्हणेल, ते आधीच सांगते तुम्हाला. ‘तुला हवं तसं.’ आताशा सगळ्याला हेच. पडदे कुठले घेऊ? तुला हवं तसं. बारकीला पाळणाघरात घालायचं का? तुला हवं तसं. रागानं म्हणत नाही, अगदी प्रेमानं म्हणतो, त्याला वाटत असेल मला आधीच इतका घोर, त्यात आपण कशाला भर घालायची. पण भांडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. ‘तुला हवं तसं’शी काय भांडणार, कापसाला बुक्के मारल्यासारखं. म्हणून मी म्हटलं, मशीनच घालवावं. दिसलं नाही की विचारेल तरी, कुठं गेलं म्हणून. चिडेल, ‘मी आणलेली वस्तू न विचारता देऊन टाकलीस’ म्हणून. चिडला तर फारच चांगलं. बटाटे उकडून ठेवलेत मी, ते बघा, ताटाखाली. कढई घासून ठेवलीये. तो आत आला तर आला.

आणि नाही आला तर? — तुम्ही फार सरळ प्रश्न विचारता हो, ताई. नाही आला तर मी एकटी तळीन. तळता येतं मला, त्यात काय. फक्त मग कळेल, की दोष मशीनचा नव्हता. इतके दिवस सगळं बिचाऱ्या मशीनवर ढकलत आलेय ना, तेवढी सोय जाईल.

लिफ्ट थांबली वाटतं. तोच असणार, बारकीचा आवाज आला. उठा, उठा, धरा हे असं — खालून धरा, जड आहे — थांबा, जुनी चादर देते, गुंडाळून न्या, नाहीतर जिन्यात लोक विचारत बसतील —

आलास? हो, ह्या वरच्या मजल्यावरच्या ताई, नवीन आल्यात. हो, तेच आहे ते. देतेय मी त्यांना. म्हणजे तुला सांगणारच होते — असं बघू नकोस ना. बिघडलं नाहीये काही. तू आणलं होतंस, मला माहितीये, आणि मला आवडलंही होतं, विचार ह्यांना, मी आत्ता हेच सांगत होते — अगं बाळा, वाळूचा हात तोंडात नको, धर रे तिचा हात — अरे, कुठं निघालास? काही बोल तरी. चिड तरी. — बघितलंत ताई? हे असं. गेला आत.

काय पडलं? कपाटावरनं काय काढतोयस? — खोका? ह्याचाच? मला वाटलं, हा कधीच रद्दीत गेला. आतला थर्मोकोलसुद्धा तसाच. ताई, ह्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत हो, रोज सकाळी घर डोक्यावर घेतो, आणि हा खोका मात्र — तू जपून ठेवला होतास? कशासाठी?

काय म्हणालास? मोठ्यानं म्हण.

ऐकलंत ना तुम्ही? म्हणतो, “परत करायचं होतं. पण मला वाटलं, तुला हेच बरं वाटतंय.”

ठेव. नीट बसव, वायर बाजूला — हां. असू दे, असू दे, मी चिकटपट्टी देते. — तेल ना? आणलंय, वरच्या फळीवर. बटाटे उकडलेत. नाही नाही, पेटवू नकोस अजून, आधी बारकीची खुर्ची आण. पट्टा लाव. पट्टा लागला का बघ, ओढून बघ. स्वयंपाकघराच्या दारात नको, दाराच्या बाहेर. अजून मागे. अजून थोडी. तिथनं तिला काही दिसणार नाही म्हणतोस? बरं, मग वीतभर पुढे घे. बास. बास म्हटलं ना.

ताई, खरं म्हणजे मी म्हणायला हवं की थांबा, दोन कटलेट गरमगरम खाऊन जा. पण आज नाही म्हणत, रागवू नका. जिन्यात सावकाश उतरा — चढा, चढा सावकाश. या तुम्ही. जाताना दार तेवढं ओढून घ्या.