पाळण्याची चौथी बाजू

पाळण्याआधी बाळ आलं. पण ते अजून घडलेलंच नाही, असं धरून चालू. सध्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रांग आहे. तिच्यात एक शिंपी स्वतःचा वाजणारा फोन खिशातच दाबून पुढच्या दोघांकडे कान लावून उभा आहे. पुढे एक सुतार आणि त्याची दिवस भरत आलेली लेक.

“बाबा, पाळण्याला बाजू किती?”

“चार.”

“आपल्या?”

“सध्या तीन. चौथीचा अभ्यास फोनमध्ये अडकलाय.”

“चाळीस वर्षं सुतारकी केलीत, आता कसला अभ्यास?”

“एक जण व्हिडिओत पाळणा करून दाखवतो.”

“चांगला करतो?”

“छे! रंधा उलटा धरतो. त्याला खाली लिहून कळवावं लागतं. मग तो भांडतो.”

“पाच महिने भांडलात. फोन बंद पडला आणि तीन दिवसांत तीन बाजू झाल्या! दुकानदारदादा, हा दुरुस्त होत नाही म्हणून सांगा.”

“अगं, त्यांना कशाला खोटं बोलायला लावतेस?”

“आई गं!”

“काय झालं?”

“लाथ मारली. जोरात.”

सुतार पोटाशी वाकला.

“माननीय महोदय किंवा महोदया, एक बाजू प्रलंबित असल्याने आपले आगमन गुरुवारपर्यंत पुढे ढकलावे, ही नम्र विनंती.”