घर लावून मिळेल

नको नको मॅडम, त्या खोक्यात नका टाकू — पितळी डबे आहेत ते, त्याखाली कपबशा आहेत, औरंगाबादला पोचेपर्यंत पीठ होईल त्यांचं. द्या इकडे. तुम्ही बसा बघू त्या खुर्चीवर, रात्रभर एसटीत बसून आलात — हो, खुर्ची जाईल टेम्पोत सगळ्यात शेवटी, बसा. मी करते. एरवी मी सामान लावायला जाते बरं का, काढायला आज पहिल्यांदाच आले. लोक नव्या फ्लॅटमध्ये येतात, खोकी तशीच पडलेली, बाई नोकरीवाली, तिला कुठला वेळ — मग मी जाते आणि घर लावून देते. भांडी कुठे, कपडे कुठे, मुलांची पुस्तकं कुठे, सगळं जागेवर. नोकरी माझी वेगळी आहे. बेलापूर सीबीडीला, सरकारी कचेरीत, रेकॉर्ड सेक्शन. एकवीस वर्षं झाली फायली लावतेय. हे आपलं सुट्टीच्या दिवशी — दुसरा, चौथा शनिवार आणि रविवार. कॅलेंडरवर तुमच्या बाबांनी लिहून ठेवलेला नंबर ना, तो ऑफिसचाच. राजलक्ष्मी घोरपडे. घरी फोन नाही माझ्याकडे. येऊन येऊन कोणाचा येणार?

कसं सुरू झालं म्हणता? नाही, तुम्ही नाही विचारलंत, मीच सांगतेय. आमच्या ऑफिसात उज्वला आहे, तिला लॉटरीत इथेच नेरूळला घर लागलं. तीन महिने झाले तरी खोकी उघडलेली नाहीत. तिचा नवरा आंघोळीच्या मगातनं चहा प्यायचा — खोटं नाही सांगत, मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, अगं थांब, मी येते रविवारी. गेले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि रडायलाच लागली. म्हणाली, आता आमचं घर झालं. तिचा नवरा म्हणाला, बाई, तुम्ही हा धंदाच काढा. तो गमतीनं म्हणाला, पण मी घरी जाऊन चिठ्ठी लिहिली — ‘घर लावून मिळेल. फक्त सुट्टीच्या दिवशी.’ नाव, ऑफिसचा फोन. ऑफिसचा नंबर द्यायला नको होता, हेडक्लार्क ओरडले नंतर. सेक्टरातल्या चार वाण्यांकडे लावली. आणि फोन कसले यावेत? ‘बाई, वन रूम किचन आहे का? डिपॉझिट किती?’ लोकांना वाटलं, मी भाड्याने घर लावून देणारी एजंट! पंधरा दिवस नुसते भाडेकरूच. मग चिठ्ठी बदलली — ‘नवीन घरातलं सामान जागेवर लावून मिळेल.’ त्या दोरीचं टोक पकडा जरा. हां. घट्ट.

आता तुम्ही म्हणाल, चांगली पर्मनंट नोकरी आहे, एकटी बाई, खर्च तो काय, कशाला पाहिजे होतं हे? भाऊ पण हेच म्हणाला. शहाजी, माझा धाकटा, कोरेगावला असतो, साताऱ्याकडे. म्हणाला, अक्का, लोकांची भांडी लावायला जातेस, काय म्हणतील? पण त्याला काय ठाऊक. आई होती तोवर ठीक होतं. तिचं अंथरूण, तिची औषधं, तिचं ओरडणं — रविवार कधी यायचा कधी जायचा कळायचं नाही. लग्न राहिलं ते तिच्यापायीच, म्हणजे मी तसं सांगते लोकांना. ती गेली आणि शनिवारी घरी आलं की सोमवारी सकाळपर्यंत तोंड उघडायला कारणच नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. सोमवारी ऑफिसात ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला जावं तर आवाज फुटायचा नाही, घसा खाकरावा लागायचा — तेव्हा घाबरले मी. म्हणून चिठ्ठी. धंदा कसला आलाय. कुणीतरी म्हणावं, बाई, हे कुठे ठेवू, आणि मी म्हणावं, इथे ठेवा — एवढंच.

आणि चिठ्ठी नीट वाचून फोन करणारे पहिले म्हणजे तुमचे बाबा. ‘घोरपडेबाई का? मी किसन गमरे. डॉकातनं रिटायर झालो. माझ्याकडे एकवीस खोकी आहेत.’ खोकी मोजलेली होती त्यांनी! मी आले, दार उघडलं, आणि काय सांगू — चार महिने झाले होते तुमच्या आईला जाऊन, आणि हा माणूस ह्या हॉलमध्ये खोक्यांच्या मधोमध चटईवर झोपत होता. एक ताट, एक पेला, एक स्टोव्ह. नायगावच्या चाळीत तुमच्या आईनं स्वतः सगळं बांधलेलं, नव्या घराला जायचं म्हणून. आणि आठ दिवस राहिले असताना त्या गेल्या. प्रत्येक खोक्यावर त्यांचं अक्षर. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्या होत्या ना त्या? ‘कबशा’ लिहिलं होतं, कपबशाचं. ‘मितराची पुसतकं.’ हो, तुमचं नाव. घरात तुम्हाला मित्रा म्हणतात, मला माहिती आहे. तुम्ही म्हणायचात फोनवर, बाबा, खोकी उघडा, खोकी उघडा — ते कसे उघडणार? त्यांनी बांधलेली गाठ ह्यांनी कशी कापायची? ते मला म्हणाले, तुम्ही परक्या आहात, तुम्ही कापा.

एक सांगू? नाही, जाऊ दे. — सांगतेच, तुम्ही शिकलेल्या आहात, कॉलेजात शिकवता. पहिल्या खोक्यातनं तसबिरी निघाल्या. बुद्धांची आणि बाबासाहेबांची. नावावरनं मला कळलं नव्हतं. तुमच्या बाबांनी स्टोव्हवर चहा टाकला, आणि मी म्हटलं, मला नको, माझा शनिवार आहे, उपवास. उपवासाला चहा चालतो हो, सगळ्या जगाला माहिती आहे. ते एकट्यानं चहा पीत उभे राहिले खिडकीशी. दुसऱ्या दिवशी परत आले मी, तर विचारतात, ‘आज रविवारचा पण आहे का?’ रागानं नाही. नुसतं विचारलं, जसं कोणी भाजी निवडताना विचारतं. आणि मला एवढी लाज वाटली — मी म्हटलं, नाही, आज नाही. तेव्हा काढला त्यांनी तो निळा कप, तुमच्या आईच्या खोक्यातला, आधी धुतला, मग पुसला. चहा कसला, पाक होता नुसता, इतका गोड. मी सगळा प्यायले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मॅडम. माझ्या आईनं पाहिलं असतं तर — पण आई नव्हती. पुढे तर जेवायचेच मी. सुकट करायचे ते, तव्यावर, कांदा घालून. असं सुकट मी कुठे खाल्लं नाही.

तर एकवीस खोकी. एका दिवसाला दोन, जास्त नाही, ते म्हणायचे. प्रत्येक वस्तू हातात घेणार, जरा वेळ धरणार, मग मला देणार. दोन-अडीच महिने चाललं. मग घर लागलं, काम संपलं, मी म्हटलं, येते गमरेसाहेब. आणि तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात फोन — ‘बाई, सगळं बिघडलंय, या.’ आले. तुरडाळीच्या डब्यात हळद, चादरी स्वयंपाकघरात, बूट कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मी म्हटलं, हे काय हो? तर म्हणतात, ‘वय झालं, लक्षात राहत नाही.’ डॉकात तीस वर्षं ज्या माणसानं मालाची मोजणी केली त्याच्या लक्षात राहत नाही! मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं. तरी मी परत सगळं लावलं. पंधरा दिवसांनी परत डाळीत हळद. आणि मी — हसू नका — मी पण लागणाऱ्या वस्तू उंचावर ठेवायला लागले. चहाची पावडर अगदी वर. त्यांचा खांदा दुखायचा, हात पोचायचा नाही. म्हणजे फोन करणारच ना. दीड वर्ष, मॅडम. दीड वर्ष आम्ही दोघं एकच घर लावत होतो. किसनराव म्हणजे — गमरेसाहेब — वाचून दाखवायचे पेपर, मी डबे पुसायचे. खिडकीतनं खारघरचे डोंगर दिसतात, ते म्हणायचे, तिथे पण घरं होतील बघा, तुमचा धंदा जोरात चालणार. मी बाकीची कामं घ्यायचं बंद केलं होतं, ते त्यांना सांगितलं नव्हतं.

ते? ते कपाट रिकामंच आहे. नाही, मी नाही काही काढलं त्यातलं — अहो, चोरी कशाला करेन मी? रिकामंच होतं. त्यात काही नव्हतंच ठेवलेलं. बंद करा ना ते.

बरं. गेल्या महिन्यातली गोष्ट. मी आले तर आतल्या खोलीतलं हे कपाट उघडं होतं. सगळं काढून दुसरीकडे कोंबलेलं, कप्प्यांना नवा कागद लावलेला, ह्यांनी स्वतः, वेडावाकडा कापून. मी म्हटलं, हे का रिकामं केलंत? तर ते खिडकीकडे बघत म्हणाले, ‘तुमचं सामान किती आहे?’ एवढंच. मी समजले. न समजण्यासारखं काय होतं? मित्राला सांगतो म्हणाले, ती हो म्हणेल, रजिस्टर करू, घाई नाही, विचार करा. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. गॅसवर दूध नव्हतं. पाच मिनिटांनी पर्स घेतली आणि निघाले. जिना उतरताना मला — काय सांगू — आनंद झाला होता, खरंच सांगते, स्टेशनापर्यंत मी चालत गेले, रिक्षा केली नाही. आणि घरी जाऊन दाराला कडी लावली तशी शहाजी आठवला. त्याच्या पोरीचं लग्न ठरतंय. गाव आठवलं. घोरपड्यांची लेक, ह्या वयात, आणि — तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय. तुमच्या तोंडावर कसं बोलू. तुमच्या बाबांत काही कमी नव्हतं, मॅडम. कमी माझ्यात होतं.

पुढच्या रविवारी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन आला सोमवारी, हेडक्लार्कच्या टेबलावर असतो फोन, मी ‘नाही म्हणून सांगा’ अशी खूण केली. बुधवारी परत आला. गुरुवारी बंडू शिपायानं उचलला, माझ्याकडे बघतोय, रिसिव्हरवर हात पण ठेवला नाही त्यानं, आणि मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, ‘सांग, जागेवर नाहीत.’ ते ऐकलं असणार त्यांनी. माझा आवाज त्यांना माहिती होता. बंडूला म्हणाले, ‘बरं, काही काम नव्हतं.’ आणि रविवारी — तुम्ही सांगितलंत ना, रविवारी पडले ते. कुठे पडले होते? किचनमध्ये? शेजाऱ्यांना केव्हा कळलं? — संध्याकाळी. म्हणजे दिवसभर. रविवारी तर मी घरीच होते. फरशी पुसत होते, दोनदा पुसली.

उजवी बाजू गेली म्हणता. आणि बोलणं? अजिबात नाही? पण कळतं ना त्यांना, माणसं ओळखतात ना? — डोळ्यांनी. हं.

रडू नका. नाही, तुम्ही रडत नाही आहात, चिडल्या आहात. चिडा. मी पण तेच केलं असतं. ‘का नाही उचललात फोन’ — तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्हाला काय सांगणार मी का. घाबरले. दुसरं काही नाही. मला वाटलं, थोडे दिवस जाऊ देत, ते विसरतील, डाळीत हळद टाकतील, फोन करतील, मी येईन, आणि ते कपाट परत भरलेलं असेल.

पत्ता? कुठला, त्यांना नेलंय तो, औरंगाबादचा? कागद पर्समध्ये ठेवा तो. ठेवा म्हटलं ना. दिलात तर मी म्हणेन, येते हो पुढच्या महिन्यात, रजा काढते, आणि तुम्ही त्यांना सांगाल, आणि ते दाराकडे बघत बसतील. आणि मी येणार नाही. मला माझी माहिती आहे. मी आले होते असं पण नका सांगू.

टेम्पो आला बघा खाली. माणसांना वर पाठवा, मी दार धरते. जा, मित्रा.