फितीची गाठ

(मुलगी फरशांच्या गोदामात, मोबाइलवर. ऑपरेटर मदतकेंद्रात.)

ऑपरेटर : घर नंबर सांग.

मुलगी : तिसऱ्यांदा सांगते, घर नाहीये हे. फरशांचं गोदाम आहे. रॅक आईच्या पायावर पडलाय. रॅकचा नंबर देऊ का?

ऑपरेटर : चिडू नकोस, बाळा. चौकोन रिकामा सोडला तर स्क्रीन पुढे सरकत नाही.

मुलगी : मग टाका सात.

ऑपरेटर : सात. बरं… नकाशात तिथे मोकळं मैदान दाखवतंय.

मुलगी : मैदानात बसलेय मी? डोक्यावर पत्रा आहे, तापून तवा झालाय.

ऑपरेटर : ही स्क्रीन, नकाशा, सगळं परदेशी मदतीतून आलंय. नकाशा दोन वर्षांपूर्वीचा आहे. रक्त थांबलं?

मुलगी : तुम्ही सांगितलं तशी ओढणी दाबून बांधलीय. भिजत चाललीय. आई म्हणते, पाय आहे की गेला तेच कळत नाही.

ऑपरेटर : तिच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नको. दार उघडून कुणाला हाक मारता येईल?

मुलगी : बाहेरनं कुलूप आहे. शेठ जेवायला जाताना लावून जातो. आम्ही फरशा पळवू म्हणून. एकेक खोकं तीस किलोचं, पदरात बांधून नेणार जशा काही.

ऑपरेटर : त्याला फोन केलास?

मुलगी : चारदा. जेवताना उचलत नाही तो.

ऑपरेटर : थांब, गाडी मिळाली. पन्नास मिनिटं लागतील. पलीकडच्या शहरातून येतेय. सगळ्यात जवळची तीच.

मुलगी : थापा मारू नका, ताई. मी खोक्यांवर चढलेय. झरोक्यातनं बचावगाडी दिसतेय मला. रस्त्यापलीकडे, आगीच्या बंबांच्या पटांगणात. नवीकोरी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

ऑपरेटर : ती… ती अजून यादीत नाही. मदतीतच आलीय. उद्या पाहुणे येऊन फीत कापतील, मग चालू होईल.

मुलगी : म्हणजे आईनं उद्या पाय मोडून घ्यायला पाहिजे होता.

ऑपरेटर : असं नको बोलू.

मुलगी : मग कसं बोलू? ड्रायव्हर तिथंच बसलाय, उपड्या बादलीवर. फाटक्या बनियननं चाकं पुसतोय.

ऑपरेटर : त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. इथलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं… जाऊ दे. लाइनवर थांब, तुला जोडून घेते.

ड्रायव्हर : बोला मॅडम.

ऑपरेटर : काका, तुमच्या समोरच्या गोदामात बाई अडकलीय. पाय रॅकखाली आहे. गाडी काढा.

ड्रायव्हर : लेखी आदेश आहे?

ऑपरेटर : कुठून आणू? स्क्रीनवर तुमची गाडीच नाही.

ड्रायव्हर : मग मी तरी कुठून काढू? चौदा वर्षं हंगामी होतो, मॅडम. गेल्या महिन्यात कायम झालो. उद्याच्या आधी गाडीला ओरखडा आला तर मला घरी बसवतील. आणि हे खरं कशावरून? पोरं रोज खोटे फोन करतात.

मुलगी : काका, वर बघा. झरोक्यात. हात हलवतेय.

ड्रायव्हर : ऊन डोळ्यावर येतंय.

मुलगी : मला दिसताय ना तुम्ही. डाव्या पायातली चप्पल सुतळीनं बांधलीय. आत्ता पाय मागे घेतलात.

ड्रायव्हर : …डोळे आहेत की काय आहे.

मुलगी : गाडीत जॅक आहे?

ड्रायव्हर : दोन आहेत. कुलूप कापायचं यंत्र पण आहे. शिकवायला आलेल्या गोऱ्या बाईनं चाळीस वेळा करून घेतलंय माझ्याकडून.

मुलगी : मग एक्केचाळिसावं इथं करा. आईचे ओठ पांढरे पडलेत.

ड्रायव्हर : मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून लिहाल?

ऑपरेटर : लिहायची गरज नाही. रेकॉर्ड होतंय. मी सांगितलं.

ड्रायव्हर : …बरं.

मुलगी : उठले. गाडीकडे… नाही, फाटकाकडे गेले. काका, तिथं काय करताय?

ड्रायव्हर : सकाळी उद्याच्या कार्यक्रमाची तालीम झाली. फीत दोन्ही खांबांना बांधलीय. गाठ सोडवतोय.

मुलगी : कापा ना.

ड्रायव्हर : कापली तर उद्या साहेब काय कापणार?

मुलगी : आई डोळे मिटतेय. आई, ए आई, बघ इकडे. ते गाठ सोडवतायत, आई, गाठ. तोडा ना काका, तुमच्या पाया पडते.

ड्रायव्हर : रेशमी आहे, घसरतेय बोटातनं. हलत नाहीये.

ऑपरेटर : काका, दात लावा.

मुलगी : दात लावले त्यांनी.

ड्रायव्हर : सुटली.

ऑपरेटर : काय दिसतंय, बाळा?

मुलगी : फीत घडी करून खिशात ठेवली. बसले. गाडी हलली… रस्त्यात पाइप फुटलाय ना, तिथं पोचली. सगळी चाकं चिखलात गेली.

ऑपरेटर : आईला सांग, आली म्हणून.

मुलगी : सांगितलं. म्हणते, त्यांना सांग, घाबरू नका, चाकं मी धुवून देईन.